सात सेशन झाली, गोळ्या चालू आहेत, तरी ताईंना गुण का येत नाही?

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका भावाचा आहे. थोडक्यात देते:

"माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान चौदा महिन्यांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेले. ताई मागे बसली होती, तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तेव्हापासून ती आमच्याकडे माहेरी आहे. रात्री दचकून उठते, जीव घाबरा होतो, ट्रकचा हॉर्न ऐकला की हातपाय गार पडतात. ईसीजी, टूडी इको सगळं नॉर्मल. मानसोपचार तज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत, समुपदेशनाची सात सेशन झाली. आम्ही तिला फार जपतो. अपघात झाला त्या रस्त्यानं कधी नेत नाही, पंधरा किलोमीटरचा फेरा पडला तरी दुसरीकडून जातो. दाजींचे फोटोही काढून ठेवलेत. आमच्या भावकीतल्या एका पोराला असाच घाबरण्याचा आजार होता, तो त्याच डॉक्टरांकडं तीन महिन्यांत बरा झाला. मग ताईलाच गुण का येत नाही? डॉक्टर बदलावा का?"

दादा, डॉक्टर बदलायची घाई करू नका. आधी एक गोष्ट बघू. ताईंवर उपचार चालू आहेत हे खरं, पण ते त्यांच्या भीतीपर्यंत पोचले आहेत का? चोवीस वर्षं मी लातूर, बीड, धाराशिवकडच्या माणसांबरोबर मानसोपचाराचं हेच काम करते आहे. "वर्षभर इलाज केला, काही फरक नाही" असं सांगत जे घरचे येतात, त्यांच्याकडची सगळी कागदं नीट वाचली की बहुतेक वेळा दिसतं ते असं की इलाज पुरता झालेलाच नाही. ताईंना मी पाहिलेलं नाही, त्यामुळं इथं निदान सांगणार नाही. पण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यातही धरायला बरंच आहे.

भावकीतल्या पोरापासून सुरू करते, कारण ती तुलना तुमच्या मनात घर करून बसलेली दिसते. तुम्ही सांगता तसं असेल तर त्याला बहुधा पॅनिकचा त्रास असावा. एकाएकी धडधड होते, श्वास कोंडतो, आता हार्ट अटॅक येतो असं वाटतं. तिथं माणूस आपल्याच शरीराला भ्यालेला असतो. ही धडधड त्रासाची आहे पण जिवावरची नाही, हे त्याला अनुभवानं कळलं की गाडी लवकर रुळावर येते. कुत्र्याची, सुईची, उंचीची भीती तर त्याहून लवकर जाते. लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं अशा भीतीसाठी तीन तासांच्या एकाच सलग सेशनची पद्धत बसवली आणि ती चांगली चालते. ताईंचं तसं नाही. त्यांच्या भीतीला खरंच घडलेली एक गोष्ट आहे, तारीख आहे, रस्ता आहे, आणि त्या गोष्टीत त्यांचा माणूस गेला आहे. तोच डॉक्टर, तीच गोळी, पण आजार वेगळा. तीन महिन्यांचं माप त्यांना लावू नका. त्यांच्यादेखत तर बिलकूल नको. "त्याला गुण आला, तुलाच का नाही" हे ऐकणाऱ्या माणसाच्या मनात काय जातं, ते मी खुर्चीत बसून फार वेळा ऐकलंय.

आता ताईंच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की उपचार नेमका कशावर चाललाय. वरून सगळं एकसारखंच दिसतं: झोप नाही, जेवण नाही, रडू येतं, दचकणं. पण आत तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक आघात. डोळ्यासमोर तो ट्रक, तो आवाज, ते रक्त पुन्हा पुन्हा उभं राहतं, आता घडत असल्यासारखं. दुसरी गोष्ट शोक, जो पुढं सरकतच नाही. तिथं भीती कमी आणि ओढ जास्त असते. माणूस दाराकडं कान लावून बसतो. हा लांबलेला शोक आता वैद्यकशास्त्रात वेगळा आजार म्हणून नोंदला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत त्याला किमान सहा महिन्यांची मुदत आहे, डीएसएम या अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या यादीच्या २०२२ सालच्या सुधारित आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची. तिसरी गोष्ट म्हणजे अपराधीपणा. या तिन्हींचे उपचार एकमेकांना लागून असले तरी एकच नाहीत. आघातासाठीची पद्धत नुसत्या शोकावर वापरली तर ती अर्धीच लागू पडते.

हे ओळखायला घरच्यांनाही एक साधी वाट आहे. ताई रात्री दचकून उठतात तेव्हा काय दिसलं असतं, हे त्यांना शांतपणे विचारा. ट्रकचे दिवे, की शेजारची रिकामी जागा? की त्या दिवशी सकाळी त्या स्वतः काही बोलल्या होत्या, ते?

शेवटचं मी मुद्दाम विचारायला सांगते आहे. अपघातातून एकट्या वाचलेल्या बायकांशी बोलताना जवळपास दर वेळी हे पुढं येतं. "मीच म्हणले होते, आज माझ्या मावशीकडं जाऊन येऊ." "मीच मागून म्हणले, जरा लवकर चला, अंधार पडतोय." हे वाक्य त्या कुणाला सांगत नाहीत. सासरचे तेच म्हणतील अशी धास्ती असते, आणि कधी कधी सासरचे खरोखर तेच म्हणतात. जोवर हे बाहेर येत नाही तोवर गोळीनं झोप सुधारते पण गाठ तशीच राहते. पॅट्रिशिया रेसिक यांनी बांधलेली बारा सेशनची एक पद्धत या गाठीवरच काम करते. आघातानंतर माणसानं स्वतःबद्दल जो निकाल देऊन ठेवलेला असतो तो कागदावर मांडायचा आणि त्याला पुरावा काय, हे शांतपणे, पुन्हा पुन्हा तपासायचं. "तुझी काही चूक नाही गं" असं दहा जणांनी दहा वेळा म्हणून जे होत नाही, ते ताईंनी स्वतः त्या दिवसाचा हिशेब मांडल्यावर होतं.

आता ती सात सेशन. त्यांत काय झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं उत्तर तिथंच आहे. आपल्याकडं समुपदेशन हा एकच शब्द शंभर गोष्टींना वापरतात. धीर देणं समुपदेशन, उपदेश करणं समुपदेशन, नवरा-बायकोला समोर बसवून समजावणं हेही समुपदेशन. आघातावर ज्यांचा उपयोग तपासून सिद्ध झालाय अशा पद्धती मोजक्या आहेत. रेसिक यांची वर सांगितली. एड्ना फोआ यांची दुसरी, ज्यात घडलेला प्रसंग सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा सविस्तर सांगायचा आणि टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीनं सामोरं जायचं. तिला साधारण आठ ते पंधरा सेशन लागतात, एकेक नव्वद मिनिटांच्या आसपास. तिसरी ईएमडीआर, ज्यात ती आठवण मनात धरून डोळे ठरावीक पद्धतीनं इकडून तिकडं हलवायचे, फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मांडलेली. यांतली कोणती भारी यावर आमच्यात वाद होतात, पण निकालांत फरक फार मोठा नाही. तिघींत एक गोष्ट मात्र समान आहे: घडलेल्या गोष्टीच्या जवळ जायचं, तिच्यापासून लांब नाही.

म्हणून ताईंना एवढंच विचारा. सात सेशनमध्ये त्या दिवसाबद्दल, घरून निघाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत, कुणी त्यांच्याकडून नीट ऐकून घेतलं का? एकदा नाही, अनेकदा? ज्या गोष्टी त्या टाळतात त्यांची यादी केली का? घरी करायला काही दिलं, आणि पुढच्या वेळी त्याचं काय झालं हे विचारलं का? उत्तर नाही असेल, आणि "स्वतःला गुंतवून ठेवा, नामस्मरण करा, चांगले विचार करा" एवढंच झालं असेल, तर त्यांना धीर मिळाला, आघाताचा उपचार झालेला नाही. चौदा महिन्यांत पसरलेली सात सेशन हेही प्रमाण कमीच. अँटिबायोटिकचा कोर्स महिन्यातून एक गोळी असा कुणी घेतो का? हे कामही सुरुवातीला दर आठवड्याला व्हावं लागतं.

यात समुपदेशकाला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. जवळ जायची भीती आम्हालाही वाटते. मी नवी असताना एक बाई माझ्याकडं नऊ वेळा आली. तिच्या डोळ्यांदेखत मुलगा विहिरीत बुडाला होता. दर वेळी ती त्या दुपारपाशी आली की तिचा श्वास वर चढायचा आणि मी विषय बदलून झोपेवर आणायचे. मला वाटायचं, हिला त्रास नको. खरं तर मलाच ते ऐकवत नव्हतं. दहाव्या वेळी ती आली नाही. आज समोर कुणी थबकलं की ती बाई आठवते, आणि मी विषय बदलत नाही.

एक फरक इथं सांगितला पाहिजे, नाहीतर गैरसमज होईल. घटना घडल्या घडल्या, पहिल्याच आठवड्यात, प्रत्येकाला बसवून "बोला, मन मोकळं करा" असं करणं वेगळं. पूर्वी तसं सर्रास सुचवलं जायचं. पुढं तपासण्या झाल्या तेव्हा दिसलं की एका बैठकीत सगळं वदवून घेतल्यानं आघाताचा आजार टळत नाही, काहींना उलट जास्त त्रास होतो. पहिल्या दिवसांत माणसाला अन्न, निवारा, झोप, आपली माणसं आणि खरी माहिती लागते. बहुतेक माणसं तेवढ्यावर आपोआप सावरतात. महिने उलटूनही जी सावरत नाहीत त्यांच्यासाठी वरचे उपचार आहेत, आणि त्यांत घाई नसते. विश्वास बसल्यावर, ठरवून, माणसाच्या मर्जीनं ते होतात.

किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. मी तेव्हा लातूरला अकरावीत होते. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, आणि दगडमातीच्या जाड भिंती अन् वरचं मातीचं माळवद त्यांच्यावर आलं. पुढं या कामात पडल्यावर, भूकंपाला वीस वर्षं उलटून गेल्यावर, पुनर्वसन झालेल्या एका गावातले गृहस्थ माझ्याकडं आले. आले होते मणक्याच्या दुखण्यातून, दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवलं म्हणून. बोलता बोलता कळलं की भूकंपानंतर ते एकदाही छताखाली झोपलेले नाहीत. मिळालेलं पक्कं घर त्यांनी सोयाबीन अन् तुरीची पोती ठेवायला वापरलं. पावसाळ्यात अंगणात बाज टाकायचे, वर पत्रा. तो पत्रा मुलांनीच बांधून दिला होता, बापाची आबाळ नको म्हणून. घरात कुणालाही हा आजार वाटला नाही. "आमचे आण्णा बाहेरच झोपतात" एवढंच.

त्यांना आम्ही गोळी दिली नाही, त्यांना ती नकोच होती. आधी दुपारी उंबऱ्यावर बसायचं, चहा तिथं घ्यायचा. मग बैठकीत, दार सताड उघडं ठेवून. मग दुपारची डुलकी आत. दर पायरीवर भीती वर चढेपर्यंत नव्हे, ती स्वतःहून उतरेपर्यंत थांबायचं. एखाद्या पायरीवर पंधरा-पंधरा दिवस गेले. तीन महिन्यांच्या आतबाहेर ते पहिल्यांदा रात्रभर स्लॅबखाली झोपले. पुढं जुलै २०२४ मध्ये हिंगोलीकडं ४.५ रिश्टरचा धक्का बसला, टीव्हीवर दिवसभर तेच, आणि आण्णा पुन्हा अंगणात गेले. मुलाचा घाबरून फोन आला. मी म्हटलं, पत्रा बांधू नका, दोन-चार दिवस बघा. पाचव्या रात्री ते आपणहून आत गेले.

तो पत्रा आठवला की तुमचा पंधरा किलोमीटरचा फेरा डोळ्यासमोर येतो, दादा. हे लिहिताना मला जड जातंय, कारण तुम्ही जे केलं ते निव्वळ मायेनं केलंय. पण भीतीचं काम असं चालतं. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यातून मेंदू शिकतो की तिथं खरंच काही होतं, टाळलं म्हणून वाचलो. दर फेऱ्यानं तो रस्ता ताईंच्या मनात आणखी लांब, आणखी काळा होत जातो. फोटो काढून ठेवल्यानं तेच होतं. ज्या माणसाकडं बघायचं नाही, त्याच्याबद्दल बोलायचं कसं? रात्री एकटीला झोपू न देणं, बाजार तुम्हीच आणणं, ट्रकचा आवाज आला की टीव्ही मोठा करणं, हे सगळं आठवड्यातल्या एका तासाच्या उपचाराच्या विरुद्ध दिशेला ओढणारं आहे. आठवड्यात तास किती असतात ते बघा.

याचा अर्थ उद्या त्यांना गाडीवर बसवून त्या जागी नेऊन उभं करा असा बिलकूल नाही. तसं केलेल्या घरांतली माणसं नंतर माझ्याकडं येतात आणि आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पायरी ताईंनी निवडायची, थेरपिस्टसोबत. घरच्यांनी फक्त पत्रा बांधायचं थांबवायचं, तेही त्यांना सांगून, एकेक करून.

गोळ्यांबद्दल आता. अशा आजारात बहुधा सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन या गटातली गोळी देतात. तिचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात कधी कधी अस्वस्थपणा, मळमळ उलट वाढते. नेमक्या याच वेळी आपल्याकडं "गोळ्या गरम पडल्या" म्हणून त्या बंद होतात. मग महिन्यानं पुन्हा सुरू, पुन्हा बंद. कागदावर वर्षभराचा उपचार, पोटात मिळून दीड महिन्याचा. दुसरी गडबड डोसची. सुरुवात कमी डोसनं करणं बरोबरच आहे, पण सुरुवातीचाच डोस वर्षभर तसाच चालू राहिलेला मी किती तरी चिठ्ठ्यांवर पाहिलाय, कारण पेशंट स्वतः गेलाच नाही, भाऊ मेडिकलवर जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या घेत राहिला. तुमच्याकडं तसं होत असेल तर ताईंना घेऊन जा, डोसबद्दल विचारा. घरी वाढवू नका. आणि बरं वाटायला लागल्यावर लगेच सोडायचीही नसते. साधारण सहा महिने ते वर्षभर पुढं चालवून मग हळूहळू कमी करतात.

चिठ्ठीवर दुसरी एखादी छोटी गोळी आहे का ते मात्र आजच बघा. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम. जीव घाबरला की अर्धी जिभेवर ठेवायची ती. काही दिवसांसाठी ती कामाची आहे, पण आघाताच्या आजारात महिनोन् महिने चालवायची ती गोळी नव्हे. तिची सवय लागते. आणि थेरपीच्या वाटेत ती आडवी येते: ताई बसमध्ये बसल्या, काही झालं नाही, तर श्रेय गोळीला जातं, "मी बसू शकते" हे शिकणं होतच नाही. काही जणींच्या पदराला ती गोळी नुसती बांधलेली असते, खाल्ली नाही तरी. गोळी पदराला आहे तोवर भीतीही तिथंच असते. ती एकाएकी बंद करू नका, कारण फार दिवस घेतलेली असेल तर झटके येण्याचाही धोका असतो. डॉक्टरांच्या देखरेखीत, आठवड्या-आठवड्यानं उतरवतात.

शरीराच्या तपासण्यांत ईसीजी झाला, चांगलं झालं. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ झालं नसेल तर करून घ्या. रक्त कमी असलेल्या बाईची धडधड मानसिक म्हणून वर्षानुवर्षं हिंडत राहते. आणि ताई मिश्री लावतात का? कुणी विचारत नाही, बायका सांगत नाहीत, पण ती तंबाखूच आहे आणि तिनंही छाती धडधडते. दिवसातून सहा कप चहा होत असेल तर तोही धरा.

यापुढचं डॉक्टरांच्या हातात नाही, तुमच्या घराच्या हातात आहे. माणूस आघातातून सावरेल की नाही यावर त्याच्या आधीच्या आयुष्यापेक्षाही नंतर काय होतं, याचा जास्त परिणाम होतो. मागं उभं कोण राहिलं आणि नवीन ताण किती आले, या दोन गोष्टी. ख्रिस ब्रेविन आणि सहकाऱ्यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून हे दाखवलं आणि माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. ताईंच्या मागं तुम्ही आहात, हे फार मोठं आहे. पण नवीन ताण कोणते चालू आहेत? सासरच्या शेतात त्यांचं नाव लागलं का? मुलं असतील तर शाळा कुठं? मोटार अपघाताचा दावा कोर्टात चालू असेल तर प्रत्येक तारखेला तेच सगळं पुन्हा समोर येतं, आणि शेजारी कुजबुज, "पैसे मिळेपर्यंतच चाललंय हे." असं कुणी म्हणत असेल तर त्याला घरातल्या मोठ्या माणसानं तोंडावर गप्प करायला हवं. उद्या डोक्यावर छप्पर कुणाचं, याची खरीखुरी चिंता असेल तर ती चिंता आजार नव्हे. तिथं थेरपिस्टपेक्षा तलाठी कार्यालयातली एक चक्कर जास्त गुण देते, आणि मी पेशंटच्या घरच्यांना तसं स्पष्ट सांगते. हेच मी दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईबद्दलही सांगते. धोका संपलेला नसताना "घाबरू नका" शिकवणं हा उपचार नव्हे.

कुंकू, बांगड्या, हळदी-कुंकवाचं आमंत्रण, पोरीच्या लग्नात मागं उभं राहणं, याबद्दलही लिहिते. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनं परिपत्रकही काढलं. पण ठराव गावाचा असतो, नजर घराघरातली असते. ताईंना जर चारचौघांत जायचीच चोरी वाटत असेल तर त्यांचं घराबाहेर न पडणं सगळंच भीतीतून आलेलं नाही. थेरपीत त्या बाजाराच्या पायरीवर अडकतील आणि आम्हाला वाटेल ट्रकमुळं अडकल्या. तुमच्या घरच्या पुढच्या कार्यात त्यांना पुढं बसवा. एवढं एक करून बघा.

अंतर, पैसा, हंगाम यांवरही गुण ठरतो. दर आठवड्याला औशाहून लातूर म्हणजे दिवस मोडतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पण सोबत भाऊ लागतो, आणि सोयाबीनच्या काढणीत भाऊ मोकळा नसतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या जोड्यांचं तर दिवाळी झाली की उपचाराचं पानच फाटतं, ते चैत्रापर्यंत. अशांसाठी मी सेशन उन्हाळ्यात दाट घेते, आठवड्यात तीन-चार. आघाताच्या थेरपीत हे चालतं. अमेरिकी लष्करातल्या जवानांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या तपासणीत दहा सेशन दोन आठवड्यांत देणं हे आठ आठवड्यांत देण्यापेक्षा कमी पडलं नाही. तुमच्या ताईंसाठीही पेरणी-काढणीच्या मधला मोकळा महिना धरून असं मागता येईल. थेरपिस्टला विचारा, बरेच जण तयार होतात.

आणि खोली. ताई आत असताना तुम्ही, आई, की कुणी सासरचं शेजारी बसतं का? बसत असेल तर ते "मीच म्हणले होते" कधीच बाहेर येणार नाही. तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा. थेरपिस्ट आणि ताईंची भाषा जुळते का हेही बघा. तांड्यावरची बाई गोरमाटीत रडते आणि मराठीत फक्त माहिती देते, हे मी पाहिलंय. मुसलमान घरातली बाई दखनीत जे सांगते ते मराठीत सांगत नाही. औशाकडची बाई पुस्तकी मराठीसमोर तशीच आखडते.

देवऋषी, अंगारा, सैलानी हे झालं असेल तर त्याची लाज धरू नका, थेरपिस्टला सांगा. श्रद्धा ज्याची त्याला. फक्त मारहाण, उपास, कोंडून ठेवणं नको, आणि गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

एक गोष्ट मात्र आज संध्याकाळी करायची आहे. ताईंना विचारा, "कधी जगू नये असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" सरळ याच शब्दांत. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर येतो. आणि उत्तर काहीही आलं तरी घरातली, गोठ्यातली, शेतातल्या खोलीतली फवारणीची औषधं कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडं. आपल्या भागात तो क्षण आणि तो डबा यांच्यात जितकं अंतर टाकता येईल तितकं टाकायचं. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलि मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, डॉक्टर बदलावा का. पुढच्या भेटीला ताईंना घेऊन जा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, संपलेलीसुद्धा, पिशवीत घाला, आणि विचारा: निदान नेमकं काय आहे, आघात, शोक, की दोन्ही? त्या दिवसावर काम करणारी थेरपी तुम्ही देता का, की कुणाकडं पाठवाल? गोळीचा डोस पुरता आहे का? किती आठवड्यांनी आपण मोजून बघायचं? मोजण्यासाठी साध्या प्रश्नावल्या असतात, पाच मिनिटांत भरून होतात, आणि त्यांच्याशिवाय "थोडं बरं आहे" हे एकच उत्तर वर्षभर चालत राहतं. या प्रश्नांवर जो डॉक्टर बसून बोलतो त्याला सोडू नका. त्यांच्याकडं अशी थेरपी देणारं कुणी नसेल तर लातूर, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या मानसोपचार विभागात, किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमकडं विचारा. गोळ्या आत्ताच्या डॉक्टरांच्याच चालू ठेवून थेरपी दुसरीकडं घेता येते. ठरवून, दर आठवड्याला, घरचा अभ्यास करून दहा-बारा सेशन झाली आणि तरीही प्रश्नावलीतला आकडा हलला नाही, तर मग बदलायचं बघू.

आणि ते फोटो. तुम्ही परत लावू नका. कुठं ठेवलेत ते ताईंना सांगा, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातात द्या.